‘ट्वेंटी-ऑड’ म्हणजे वीस, वीसेक की वीसच्या वर? लिहायचं कसं, बोलायचं कसं?

केळीचा घड

मंडळी, सावद्याजवळ आमचं केळीचं छोटं पॅकहाउस आहे. आखातात माल जातो. मेल लिहिणं, वाचणं, फोनवर बोलणं हे सगळं माझ्याकडेच असतं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कामापुरतं येतं. गेल्या महिन्यात एका शब्दावरून नुकसान झालं, म्हणून हा धागा काढतोय.

खरेदीदाराच्या एजंटाचा मेल आला. त्यात आकड्यात पंधराशे, पुढे आडवी रेघ, मग ‘ऑड’ आणि ‘बॉक्सेस’ असं होतं. ‘ऑड’ मला दोनच अर्थांनी माहीत होता, एक विषम आणि दुसरा विचित्र. २०१६ मध्ये दिल्लीत गाड्यांसाठी ऑड-इव्हन आलं, २०२० मध्ये आपल्याकडे दुकानं सम-विषम तारखांना उघडायला लागली, तेव्हापासून ‘ऑड’ म्हणजे विषम हे डोक्यात घट्ट बसलं होतं. पण पंधराशे विषम कसे? शेजारच्या पॅकहाउसमधल्या एकाला विचारलं. तो म्हणाला, “अरे, अंदाजे म्हणायचंय त्यांना. पंधराशेच्या आसपास.” मलाही पटलं. त्या दिवशी बागेतून उतरलेल्या मालातून चांगले, एकसारखे असे १४६० बॉक्स निघाले. पंधराशेच्या आसपासच आहेत म्हणून कंटेनर बंद केला आणि रवाना केला.

चौथ्या दिवशी एजंटाचा फोन. आम्ही तर पंधराशेपेक्षा जास्त मागितले होते, कंटेनरमध्ये जागा रिकामी का राहिली? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाळीस फुटी थंड कंटेनरमध्ये आमचे १३ किलोचे साधारण १५४० बॉक्स बसतात. म्हणजे २० टन आणि वर २० किलो. कंटेनर १३-१४ अंशांवर चालतो. तो भरलेला असो की अर्धा, भाडं तेवढंच. माझे ८० बॉक्स कमी गेले, म्हणजे १०४० किलो. त्या रिकाम्या जागेचं भाडं त्यांनी माझ्या हिशेबातून कापलं.

तर माझे तीन प्रश्न. ‘ऑड’ आकड्यानंतर आला की नक्की अर्थ काय? मधे रेघ लागते का? आणि बोलताना कसं बोलायचं? फोनवर मी ‘ओड’ म्हणालो तर समोरच्याने दोनदा विचारलं, काय म्हणालात?

पांझरा

भाऊ, नुकसान वाचून वाईट वाटलं. मला तर ‘ट्वेंटी-ऑड’ हा प्रकारच ठाऊक नव्हता. मी इथे वाचायला बसलेय.

मास्तरीणबाई

केळीचा घड दादा, मी अमळनेर तालुक्यात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. प्रश्न फार चांगला आहे, आणि पाठ्यपुस्तकात हा कुठेच नीट येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अर्थ. ‘ऑड’ पूर्ण आकड्याच्या मागे लागला की त्याचा अर्थ ‘आणि वर काही’. ‘ट्वेंटी-ऑड’ म्हणजे वीस तर झालेच, वर आणखी काही आहेत, पण तिसापर्यंत पोचलेले नाहीत. तीस झाले असते तर तो माणूस ‘थर्टी-ऑड’ म्हणाला असता. म्हणजे साधारण एकवीस ते एकोणतीस. तुमच्या ‘पंधराशे-ऑड’चं तसंच. पंधराशे पूर्ण, वर काही, सोळाशेच्या आत. तुमचा १५४० त्यात बरोबर बसतो. १४६० बसत नाही.

काही इंग्रज बोलताना सैलपणे ‘सुमारे’ या अर्थानेही वापरतात, ते माझ्या कानावर आलेलं आहे. पण शब्दकोशांत अर्थ ‘त्याहून थोडं जास्त’ असाच दिला आहे, आणि व्यवहारात तोच धरून चालावं.

आता रेघ. ती लागतेच, आणि तिच्यामुळे अर्थ फिरतो. रेघ असेल तर ‘ट्वेंटी-ऑड बॉक्सेस’ म्हणजे वीसच्या वर बॉक्स. रेघ काढून ‘ट्वेंटी’ आणि ‘ऑड’ सुटे लिहिले, तर ‘वीस विचित्र बॉक्स’ असं वाचता येतं. तुमच्या धंद्यात हे खरंच घडू शकतं. कुणी तपासणीच्या अहवालात ‘वीस ऑड बॉक्सेस’ लिहिलं, तर ते बाकीच्यांशी न जुळणारे, वेगळ्या प्रतीचे बॉक्स असू शकतात. मोबाइलवर घाईत टाइप करताना नेमकी ही रेघ सुटते.

आकड्यात लिहिलं तरी रेघ हवीच. वीसचा आकडा, रेघ, ‘ऑड’. शंभर, दोनशे, हजार, सगळ्यांना तसंच.

केळीचा घड

बाई, खूप आभार. सोळाशेच्या आत हे जे सांगितलंत, ते कोणीच सांगितलं नव्हतं. मी तर मनात ‘दीडएक हजार’ असं भाषांतर करून मोकळा झालो होतो.

शब्दवेडा

तुमचं भाषांतर कुठे घसरलं ते याच वाक्यात आहे. मी जळगावात मुद्रितशोधनाचं काम करतो आणि हा ‘एक’ रोज हाताखालून जातो.

आपला ‘वीसेक’ दोन्ही बाजूंना हलतो. “वीसेक माणसं होती” म्हणालो आणि प्रत्यक्षात अठरा निघाली तर मला कोणी खोटं ठरवणार नाही. बावीस निघाली तरी नाही. इंग्रजीतला ‘ऑड’ एकाच बाजूला हलतो, वरच्या. अठरा माणसांना ‘ट्वेंटी-ऑड’ म्हटलं तर ते चूक. म्हणून ‘ट्वेंटी-ऑड’ला ‘वीसेक’ म्हणू नये. ‘वीसच्या वर’, ‘वीस आणि काही’ असं म्हणावं. पैशांच्या बाबतीत तर आपला जुना शब्द तयारच आहे: “वीस रुपये आणि चिल्लर”. ती चिल्लर म्हणजे ‘ऑड’.

एका बाबतीत मात्र दोघे अगदी सारखे वागतात. ‘दहाएक’, ‘वीसेक’, ‘पंचवीसेक’, ‘पन्नासेक’, ‘शंभरेक’ होतं, पण ‘सत्तावीसेक’ किंवा ‘त्रेचाळीसेक’ कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही ‘ट्वेंटी-सेव्हन-ऑड’ होत नाही. अंदाज करायला आधी एक पूर्ण, टेकायला जागा असलेला आकडा लागतो.

शब्द आला कुठून तेही सांगतो, कारण तिथेच अर्थ लख्ख होतो. तो इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून. तिथे ‘ओड्डी’ म्हणजे टोक, त्रिकोणाचं टोक. त्रिकोणाचे खालचे दोन कोन एकमेकांची जोडी, वरचं टोक एकटं. त्यावरून ‘जोडीबाहेरचा तिसरा’ असा अर्थ झाला. पंचायतीत दोघांची मतं दोन बाजूंना पडली की ज्याच्या मताने निकाल लागायचा त्या माणसालाही त्यांच्याकडे याच शब्दावरून नाव होतं. जोडीतून उरलेला तो ‘ऑड’, म्हणून विषम संख्या ‘ऑड’. पूर्ण आकड्यातून उरलेलं ते ‘ऑड’, म्हणून ‘ट्वेंटी-ऑड’. आणि चारचौघांत न बसणारा तो ‘ऑड’, म्हणून विचित्र. तिन्ही अर्थ एकाच उरलेल्यातून निघाले आहेत.

लहानपणी आपण मुठीत चिंचोके धरून एकी-बेकी खेळायचो ना? मूठ उघडायची, दोन-दोन चिंचोके बाजूला सारायचे, शेवटी एक उरला की एकी. तो उरलेला चिंचोका म्हणजे ‘ऑड’.

पांझरा

चिंचोक्याचं वाचून अंगणातली दुपार आठवली. ओटीवर बसून आजी दोन-दोन सरकवायची आणि शेवटच्या जोडीशी येऊन थांबायची. हात झाकूनच ठेवायची. आता ‘ऑड’ कधीच विसरणार नाही.

आजी अहिराणी बोलायची. घरी कार्य असलं की आजोबांना विचारायची, “कितला लोके येतीन?” आजोबा म्हणायचे, “ईस-बावीस येतीन, तू तीसना सयपाक कर.” वीस-बावीस येतील, तू तिसांचा स्वयंपाक कर. लहान असताना मला वाटायचं, आजोबांना नक्की माहीत नाही म्हणून ते दोन आकडे सांगतात. आता वाटतं, त्यांचा हिशेब पक्का होता. वीस घरचे ठरलेले, दोन दारावर येणारे, आणि बाकीचं जेवण कमी पडू नये म्हणून.

भुसावळ जंक्शन

मी बँकेत परदेशी व्यवहार विभागात होतो, आता निवृत्त. घडभाऊ, तुमचं एल.सी. होतं का? म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, खरेदीदाराच्या बँकेने पैशांची दिलेली लेखी हमी. असेल तर गोष्ट वेगळी होते. सांगतो.

एल.सी.च्या व्यवहारांना आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे नियम लागतात, त्यांना यूसीपी ६०० म्हणतात. ते १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यात कलम ३० आहे. एल.सी.मध्ये रकमेला, नगाला किंवा दराला ‘अबाउट’ किंवा ‘अप्रॉक्झिमेटली’ हे शब्द जोडलेले असतील, तर ज्याला जोडलेत त्यात दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त चालतं. ‘अबाउट १५०० बॉक्सेस’ असतं तर १३५० पासून १६५० पर्यंत काहीही पाठवलं असतं तरी नगाच्या बाबतीत बँकेने हरकत घेतली नसती. तुमचे १४६० सहज बसले असते.

याच कलमात पुढे पाच टक्क्यांची सूट आहे, ती कोणताही शब्द न लिहिताही मिळते. पण माल टनात, लिटरमध्ये मोजलेला असेल तरच. बॉक्स, पोती, नग असं मोजून लिहिलेलं असेल तर ती सूट नाही. केळी बॉक्सवर विकता की वजनावर, यावरून इतका फरक पडतो.

‘ऑड’ला या नियमांत काहीच जागा नाही. तो बोलण्यातला शब्द. कागदावर आला की भांडण ठरलेलं.

माझ्या टेबलावर अशी कागदपत्रं येत. एकदा कापडाच्या एका व्यवहारात ‘अबाउट’ रकमेला लागला होता, नगाला नव्हता. निर्यातदाराने दोन्हीत दहा टक्के धरले. कागद परत गेले. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. हा शब्द ज्या आकड्याच्या शेजारी लिहिलाय त्याच आकड्याला सूट मिळते, दुसऱ्याला नाही. एवढी एक गोष्ट प्रत्येक निर्यातदाराने मनावर कोरून ठेवावी.

केळीचा घड

नाना, एल.सी. नव्हतं. थोडे आगाऊ, बाकी माल पोचल्यावर, असं आमचं चालतं. पण बॉक्स की वजन हे तुम्ही सांगितलंत ते अगदी कामाचं. वहीत लिहून घेतलंय.

दूरदेशी

मी मूळचा पारोळ्याचा, बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोत आहे. उच्चाराचं मी सांगतो.

‘ओड’ म्हणू नका. तो वेगळा शब्द आहे, एक काव्यप्रकार. म्हणून तुमच्या माणसाला कळलं नाही. ब्रिटिश उच्चार ‘ऑड’, आखूड ‘ऑ’, तोंड गोल. ‘डॉक्टर’मधला ‘डॉ’ घ्या आणि ‘ड’ मागे न्या. अमेरिकन उच्चार जवळजवळ ‘आड’. इथे ‘डॉक्टर’लाही ‘डाक्टर’च्या जवळचं काहीतरी म्हणतात. आपल्या गावाकडचे म्हातारे ‘डाक्टर’, ‘कालेज’ म्हणायचे आणि शाळेत त्यावर मार बसायचा. इथे आल्यावर मी पहिल्यांदा ऐकलं की अख्खा देश तसंच बोलतो. तेव्हा ‘आड’ म्हणायला अजिबात लाजू नका, फक्त ‘ओ’ टाळा. आणि ‘अॅ’ही टाळा. ‘ट्वेंटी-अॅड’ झालं तर समोरच्याला ‘मिळवा’ असं ऐकू येईल.

दुसरी गोष्ट जोर. बोलण्यात रेघ दिसत नाही, तिचं काम जोर करतो. ‘ट्वेंटी’वर जोर द्या, ‘ऑड’ त्याला चिकटवून हलकं म्हणा, मधे थांबू नका. ‘ट्वेंटी’ म्हणून क्षणभर थांबलात आणि ‘ऑड’वर जोर दिलात, तर ऐकणाऱ्याला ‘वीस विचित्र’ ऐकू येतं. इथले लोक भरभर बोलताना ‘ट्वेंटी’चा ‘ट’ गिळून ‘ट्वेनी-आड’ म्हणतात. आखातात तुम्हाला बहुतेक ब्रिटिश वळणाचं इंग्रजी ऐकू येईल, तिथे ‘ऑड’च चालवा.

आणि एक आपल्या सगळ्यांची सवय. आपण ‘वीस-पंचवीस’चं इंग्रजी ‘ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह’ करतो, ‘दहा-बारा’चं ‘टेन-ट्वेल्व्ह’. मराठीत ही जोडी इतकी गोड बसते की इंग्रजीतही तीच तोंडात येते. पण इथल्या माणसाला ते एकापाठोपाठ एक वाचलेले दोन आकडे वाटतात. मधे ‘टू’ किंवा ‘ऑर’ घालायला हवं. फोनवरच्या सौद्यात तर नक्कीच.

शब्दवेडा

जोड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबतो, मला हा फार आवडतो. आपण ‘दोन-चार’, ‘पाच-सहा’, ‘आठ-दहा’, ‘दहा-बारा’, ‘दहा-पंधरा’, ‘वीस-पंचवीस’, ‘पन्नास-साठ’, ‘शंभर-सव्वाशे’, ‘दीड-दोनशे’ म्हणतो. ‘अकरा-तेरा’ म्हणत नाही, ‘बावीस-सत्तावीस’ म्हणत नाही. नियम कोणी शिकवला नाही, पण दहा वर्षांचं पोरही चुकत नाही. आकडा जितका मोठा, तितकी जोडीतली फट मोठी. ‘दोन-चार’ला दोनची फट, ‘वीस-पंचवीस’ला पाचची, ‘पन्नास-साठ’ला दहाची, ‘शंभर-सव्वाशे’ला पंचविसाची. माणूस किती चुकू शकतो हे जोडीतच सांगून टाकलेलं असतं. ‘ऑड’ ते सांगत नाही. म्हणून मला आपली जोडी जास्त प्रामाणिक वाटते.

आणखी एक सांगायचं राहिलं. “एक दहा मिनिटं थांबा” म्हणतो तेव्हा तो पुढचा ‘एक’ मोजणीचा नसतो. दहाच्या आसपास, एवढंच. इंग्रजीत तेच काम ‘सम’ करतो, ‘सम ट्वेंटी पीपल’. तेव्हा तुम्हाला ‘वीसेक’ इंग्रजीत हवं असेल तर ‘सम ट्वेंटी’ किंवा ‘अबाउट ट्वेंटी’ लिहा. पण ‘सम ट्वेंटी-ऑड’ असं दोन्ही एकत्र लिहू नका, तिथले जाणकार त्याला हरकत घेतात. आपल्याकडे मात्र “साधारण वीसेक” सहज खपून जातं, कोणाच्या कानाला खटकत नाही.

प्रुफात मी एकच गोष्ट हमखास खोडतो, ती म्हणजे “सुमारे २३४७”. इतका नेमका आकडा दिला की ‘सुमारे’ तिथे उपरा होतो.

गिरणाकाठ

आमचं पाचोऱ्याकडे जिनिंग. इथे आकडे चाललेत म्हणून एक सांगतो. कापसाच्या गाठींचा भाव आजही ‘कँडी’वर बोलतात. एक कँडी म्हणजे ३५६ किलो. हा ‘कँडी’ शब्द इंग्रजांनी आपल्या ‘खंडी’वरून घेतलाय. खंडी म्हणजे वीस मण. आणि नग मोजतानाही खंडी म्हणजे वीस.

मास्तरीणबाई

गिरणाकाठ भाऊ, किती छान जोडलंत! आणि बघा, ‘खंडीभर’ म्हटलं की आता वीस राहत नाहीत. “घरात खंडीभर पाहुणे” म्हणजे पुष्कळ. इंग्रजीत वीसाला ‘स्कोअर’ म्हणतात, मूळ अर्थ खाच. काठीवर खाच पाडून मोजायचे, वीस झाले की एक खाच. आणि ‘स्कोअर्स ऑफ’ म्हणजे त्यांच्याकडेही पुष्कळ. दोन्हीकडे वीस सुटून पुष्कळ झालं.

याच्याच जवळचा आणखी एक शब्द मुलं नेहमी चुकवतात, ‘अम्प्टीन’. अगणित, कंटाळा येईपर्यंत, या अर्थाचा. मधला ‘प’ पुष्कळजण गाळतात आणि ‘अमटीन’ लिहितात. शेवटचा ‘टीन’ थर्टीन-फोर्टीनमधलाच. पुढचा ‘अम्प्टी’ तारखात्याच्या मोर्स लिपीत लांब रेघेला म्हणायचे, आणि टिंबाला ‘इडी’. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या बोलण्यातून तो पसरला. मराठीत त्याच जागी ‘सतराशे साठ’ आहे. “सतराशे साठ वेळा सांगितलं” म्हणताना कोणी मोजलेले नसतात.

भरीतवाडी

मला ‘ट्वेंटी-ऑड’ने मागच्या पौषात चांगलंच शिकवलं. आमच्या शेतावर हिवाळ्यात भरीत पार्टी होते. पुण्याहून आतेभावाचा ग्रुप येणार होता. त्याने मेसेज टाकला, “वुई आर ट्वेंटी-ऑड.” मी वीस धरले. माणशी अर्धा किलो वांगं धरतो आम्ही, म्हणून बामणोदचं हिरवं, पांढरट रेघांचं मोठं वांगं दहा किलो आणलं.

कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला होता. वांगी आत सारली. साल काळी पडून फुटायला लागली, वाफेचा शीऽऽ आवाज यायला लागला, तेव्हा बांधावर गाड्या थांबल्या. उतरले सत्तावीस. आई चुलीजवळ कळण्याच्या भाकरी थापत होती. तिने मान वर केली, पुन्हा एकदा मोजलं आणि काहीही न बोलता पीठ ओढलं. मी मागच्या वाटेने गावात गेलो आणि शेजाऱ्यांच्या वाफ्यातली चार किलो वांगी घेऊन आलो. दुसऱ्या जाळाची वांगी सोलून लाकडी भांड्यात ठेचली, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे टाकले, आणि सगळे जेवले. पण आईने शेवटी बसून भाकरी भरताऐवजी ठेच्याशी खाल्ली, ते मला लागलं.

आता बाईंचं वाचून कळलं, आतेभाऊ चुकला नव्हता. सत्तावीस म्हणजे ट्वेंटी-ऑडच.

पांझरा

आईला नमस्कार सांगा.

शब्दवेडा

भरीतवाडी भाऊ, तुमच्या गोष्टीने मला एक फार जुनी नोंद आठवली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१६१९ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेत व्हर्जिनियाच्या इंग्रज वसाहतीत, पॉइंट कम्फर्टला, ‘व्हाइट लायन’ नावाचं जहाज लागलं. एका पोर्तुगीज जहाजावरून लुटलेले आफ्रिकन लोक त्यावर होते. ते अन्नधान्याच्या मोबदल्यात तिथे दिले गेले. वसाहतीतल्या जॉन रॉल्फने लंडनला पत्र लिहिलं, त्यात त्यांची संख्या ‘ट्वेंटी अँड ऑड’ अशी लिहिली. तेव्हा रेघेऐवजी मधे ‘अँड’ घालायचे, वीस ‘आणि’ वरचे. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या इतिहासात हे पत्र फार महत्त्वाचं मानलं जातं.

मला त्या दोन शब्दांनी अस्वस्थ केलं. वीस माणसं मोजली आणि उरलेली ‘ऑड’मध्ये ढकलली. ती उरलेली प्रत्येक आई होती, भाऊ होता, मुलगी होती. केळीचे बॉक्स, कापसाच्या गाठी यांच्यासाठी ‘वर काही’ ठीक. माणसांच्या बाबतीत हा शब्द हाताशी आला की मी थांबतो आणि आकडा शोधतो. अपघाताच्या बातमीत ‘वीसहून अधिक’ आलं की वार्ताहराला फोन करून विचारतो, एकवीस की तेवीस.

मास्तरीणबाई

शब्दवेडा, हे मला माहीत नव्हतं. वर्गात असते तर हेच उदाहरण दिलं असतं.

दूरदेशी

पॉइंट कम्फर्ट आज हॅम्प्टन शहरात येतं. मी तिथे गेलो आहे. समोर खाडीचं शांत पाणी, वर समुद्रपक्षी. माहिती देणाऱ्या फलकापाशी माझी मुलगी बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, बाबा, यांना त्यांची नावं विचारायला वेळ नव्हता का? मला काय उत्तर द्यावं ते सुचलं नाही.

गिरणाकाठ

एक शंका. आपण आहेर १०१, ५०१ देतो, तो वरचा रुपया. त्याला इंग्रजीत ‘हंड्रेड-ऑड’ म्हणता येईल का?

मास्तरीणबाई

नाही भाऊ. तिथे वरचा किती ते नक्की माहीत असतं, एकच. ‘ऑड’ तेव्हाच, जेव्हा वरचा भाग मोजलेला नसतो किंवा सांगायचा नसतो. पण तुम्ही धागा बरोबर पकडलात. पूर्ण आकड्यावर काहीतरी उरावं, तो बंद होऊ नये, ही भावना त्या रुपयात आहेच.

भुसावळ जंक्शन

माझा भाचा पुण्यात कंपनीत आहे, तो सारखं ‘बॉलपार्क फिगर’ म्हणतो. त्याचं काय?

दूरदेशी

नाना, बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. आकडा मैदानाच्या आत कुठेतरी आहे, बाहेर गेलेला नाही, एवढाच अर्थ. ‘ऑड’पेक्षा बराच सैल. आपला ‘ढोबळ अंदाज’. अमेरिकन माणसाशी बोलताना ठीक आहे, पण बाकी ठिकाणी बेसबॉल न पाहिलेल्याला तो शब्द अडतो. आखातातल्या मेलमध्ये नको.

केळीचा घड

सगळ्यांचं वाचत होतो. पावसामुळे दोन दिवस कटाई बंद होती, म्हणून निवांत वाचता आलं. भरीतवाडी भाऊ, तुमच्या आईची ती भाकरी डोळ्यापुढून जात नाही.

काल नवीन मेल आला. या वेळी पुन्हा तसंच, पंधराशे, रेघ, ऑड. मी लगेच उत्तर लिहिलं: एकूण १५४० बॉक्स, प्रत्येकी निव्वळ वजन १३ किलो, मान्य असेल तर तसं कळवा. पाठवायच्या आधी शब्दवेडा म्हणाले तसं ‘सुमारे’ कुठे घुसलंय का ते दोनदा पाहिलं. अर्ध्या तासात उत्तर, १५४० मान्य.

सकाळी पॅकहाउसमध्ये बायांना सांगितलं, आज १५४० पुरे करायचेत, एकही कमी नको. घडाच्या फण्या सुटल्या, तुरटीच्या पाण्यातून निघाल्या, पुसून बॉक्सात बसल्या. संध्याकाळी दाराशी उभं राहून शेवटचे चाळीस मी स्वतः मोजले.

त्यांच्या उत्तराच्या खालच्या ओळीत उरलेल्या पैशांबद्दल होतं: ‘थर्टी-ऑड’ दिवसांत देऊ. आता मला कळतं की तीस दिवस झाल्यावर केव्हातरी, चाळिसाच्या आत. फोन लावला, ‘ऑड’ नीट म्हणालो, ‘थर्टी’वर जोर देऊन, आणि विचारलं की वरचे दिवस किती धरायचे. त्याने कॅलेंडर पाहिलं आणि तारीख सांगितली. ती मेलवर लिहून मागितली आहे.